सल्काटाचं पिल्लू: आधी ऊब, मग पाणी, मग पाला

नाशिकहून एका ताईंनी विचारलंय: "मुलाच्या वाढदिवसाला त्याच्या मामाने कासवाचं पिल्लू आणून दिलं. साधारण सात सेंमी लांब, रंग फिकट तपकिरी, मागच्या मांड्यांवर काट्यांसारखे खवले. दुकानदाराने 'सल्काटा' असं नाव सांगितलं. काचेच्या टाकीत रंगीत खडे घालून ठेवलंय. काकडी, टोमॅटो, अधूनमधून कोथिंबीर आणि दुकानातून मिळालेल्या डब्यातल्या गोळ्या देतो. आठवडाभरापासून खात नाही, डोळे मिटून कोपऱ्यात बसतं, पाठ बोटाने दाबली तर जरा दबते. थंडी आहे म्हणून झोपत असेल, असं दुकानदार म्हणतो. त्याला नेमकं काय खायला घालू?"

ताई, खाण्याचं सविस्तर सांगतो, पण थोडं पुढे. सध्या नाशिकला रात्री चांगलाच गारठा असणार, निफाडकडे तर विचारायलाच नको. अशा दिवसांत दिवा नसलेल्या टाकीत बसलेल्या पिल्लापुढे कितीही चांगला पाला ठेवा, ते तोंड लावणार नाही. कासवाला आपल्यासारखी अंगात ऊब तयार करता येत नाही. बाहेर जितकं ऊन मिळेल तितकंच त्याचं शरीर चालतं. आणि पाला पचवायचं काम त्याच्या मोठ्या आतड्यातले सूक्ष्मजीव करतात, त्यांनाही ऊब लागते. अंग गार असताना पोटात गेलेलं अन्न पचत नाही, तिथेच कुजतं आणि गॅस धरतो. म्हणून सिरिंजने, ड्रॉपरने भरवायचा प्रयत्न करत असाल तर तो आजपासून बंद करा.

झोपेचं म्हणाल, तर थंडीत खरोखर झोपणारी कासवं आहेत. भूमध्य समुद्राच्या आसपासची हर्मन किंवा ग्रीक कासवं हिवाळाभर निपचित पडतात आणि वसंतात उठतात. सल्काटा त्यातलं नाही. ते सहाराच्या दक्षिण कडेच्या साहेल पट्ट्यातलं, सेनेगलपासून सुदान-इथिओपियापर्यंतचं. तिथे रात्री गारवा पडला तरी ते खोल बिळात जातं आणि दिवसा परत उन्हात येतं. महिनाभर झोपून काढायची सोय त्याच्या शरीरात नाही. सल्काटाचं पिल्लू हिवाळ्यात 'झोपलंय' असं कुणी म्हणालं की मी ते आजारी आहे असंच धरतो.

आज संध्याकाळीच करण्यासारखं एवढंच. एक पसरट प्लास्टिकचा डबा किंवा घमेलं घ्या, त्यात मनगटाला कोमट लागेल असं पाणी घ्या. पाण्याची पातळी इतकीच ठेवा, की वरचं आणि खालचं कवच जिथे जोडलेलं असतं तिथवर पाणी येईल आणि पिल्लाला मान सहज वर काढून बसता येईल. वीस मिनिटं बसू द्या, पाणी निवायला लागलं की थोडं कोमट मिसळा. तिथून उठून जाऊ नका. बहुतेक पिल्लं पाच-दहा मिनिटांत मान खाली घालून पाणी पितात. गळा हलताना दिसतो. त्याच वेळी बरीचशी शी-शूही करतात. लघवीबरोबर पांढरा चिकट पदार्थ पडला तर घाबरू नका, ते युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचे क्षार. तो पदार्थ दोन बोटांत चोळून बघा. टूथपेस्टसारखा मऊ लागला तर ठीक. वाळूसारखा करकरला तर पिल्लू बरेच दिवस पाण्यावाचून आहे. याकडे दुर्लक्ष झालं की पुढे मूत्राशयात खडा होतो, आणि एवढ्याशा जीवाच्या पोटातला खडा काढणं सोपं काम नाही. (हात नंतर साबणाने धुवा, त्याबद्दल पुढे.)

आंघोळीनंतर टिपून कोरडं करा आणि उबेत ठेवा. घरात जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब असेल तर चांगलं. एलईडी चालणार नाही. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. बल्ब टाकीच्या एका टोकाला, वरून, घट्ट बांधून लावा. त्याखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर थर्मामीटर ठेवून बघा: ३५ अंशांच्या जवळपास हवं, फार तर ३८. दुसऱ्या टोकाला २६ ते २८, म्हणजे नको वाटलं तर त्याला सरकता येईल. रात्री २५ च्या खाली जाऊ देऊ नका. रात्रभर उजेड नको, म्हणून रात्रीसाठी सिरॅमिकचा हीटर मिळतो, तो उजेडाशिवाय तापतो. त्याला थर्मोस्टॅट जोडा. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात, शेजारी पिल्लू, खोक्याला हवेसाठी भोकं. एवढ्यावर रात्र निभते.

आता तुमच्या प्रश्नातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट: पाठ दबते. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू थोडं लवचिक असतंच, पोटाकडची बाजू तर काही महिने स्प्रिंगसारखी लागते. पण सात सेंमीच्या पिल्लाची पाठ बोटाखाली दबत असेल तर हाडांत कॅल्शियम बसत नाहीये असं समजायचं. कवच म्हणजे नख किंवा शिंपला असा गैरसमज असतो. ते हाडच आहे, बरगड्या आणि मणका त्यात जोडलेले आहेत, वर केराटिनचा, म्हणजे नखं ज्याची बनतात त्याचा, पातळ थर. त्यामुळे कवच मऊ म्हणजे आतला सगळा सांगाडा मऊ. खालचा जबडा हलक्या हाताने बघा, रबरासारखा वाकत असेल, किंवा चालताना पोट जमिनीवरून उचलत नसेल, तर दुखणं पुढे गेलंय. यासाठी दोन-तीन दिवसांत डॉक्टर गाठायलाच हवा. एक्स-रे आणि कॅल्शियमची मात्रा वजनावर ठरते. घरातल्या मुलांच्या कॅल्शियम सिरपचे थेंब सुरू करू नका. त्यातल्या अनेकांत फॉस्फेट असतं आणि इथे नेमकं तेच नको आहे.

डॉक्टरांबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टर असतात, पण कासव त्यांच्याकडे क्वचित येतं. जंत आहेत म्हणून आयव्हरमेक्टिन दिलं जाण्याचा धोका असतो. गाई-गुरांना, कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवांच्या जिवावर बेततं. जाताना नम्रपणे विचारा, "डॉक्टर, यात आयव्हरमेक्टिन नाही ना?" कुणी रागावत नाही, आणि रागावले तरी चालेल. तसंच डोळे मिटलेत म्हणून जीवनसत्त्व अ चं इंजेक्शन घाईने घेऊ नका. डोळे सुजण्यामागे अ जीवनसत्त्वाची कमतरता असते ती मुख्यतः पाण्यातल्या कासवांत, ज्यांना नुसती वाळलेली कोळंबी खाऊ घालतात. गवत-पाला खाणाऱ्याला ती सहसा होत नाही, आणि इंजेक्शनचा डोस जास्त झाला तर कातडी सोलून निघते. तुमच्या पिल्लाचे डोळे बहुधा थंडी आणि पाण्याच्या कमतरतेनेच मिटलेत. नाकातून बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा श्वासाला शिट्टीसारखा आवाज असेल, तर मात्र न्यूमोनिया आहे, मग दोन दिवसही थांबू नका. नेताना छोट्या खोक्यात टॉवेल आणि कोमट बाटली ठेवा, गाडीचा एसी बंद, आणि ताजी शी एका डबीत घेऊन जा.

यापुढचं सगळं पिल्लू सावरल्यावरचं.

काचेची टाकी आणि रंगीत खडे आधी काढून टाका. खडे गिळले जातात आणि आतड्यात अडकतात. काच कासवाला कळत नाही. पलीकडचं दिसतं म्हणून ते दिवसभर भिंतीला नाक घासत चालत राहतं. त्यापेक्षा कपडे ठेवायचा मोठा अपारदर्शक प्लास्टिकचा टब स्वस्त आणि चांगला, अडीच-तीन फूट लांब. तळाला चार बोटं कोकोपीट आणि बागेतली साधी माती मिसळून. खत घातलेली नको, वाळू नको. एका कोपऱ्यात मातीची कुंडी अर्धी फोडून पालथी ठेवा, तिच्या कडा घासून गुळगुळीत करा. ती त्याची गुहा. या गुहेतली माती हाताला ओलसर लागली पाहिजे, चिखल नको.

ओलसर का? कारण 'वाळवंटातलं जनावर, कोरडं ठेवा' हा सल्ला दुकानांत अजून सुटलेला नाही आणि त्यापायी हजारो सल्काटांच्या पाठीवर टेकड्या उठल्यात. प्रत्येक चौकट सपाट वाढण्याऐवजी वर सुळक्यासारखी वाढते. पूर्वी याचा ठपका प्रथिनांवर ठेवत. २००३ मध्ये व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या वीस्नर आणि इबेन या संशोधिकांनी सल्काटाचीच पिल्लं पाच महिने वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रथिनांवर वाढवून पाहिली. कोरड्या हवेतल्या पिल्लांच्या पाठी उंच उठल्या. ४५ ते ९९ टक्के आर्द्रतेतल्या बऱ्याच सपाट राहिल्या. प्रथिनं कमी-जास्त केल्याने त्या मानाने फारसा फरक पडला नाही. आणि नीट विचार केला तर यात नवल काय? साहेलमध्ये वर रखरखाट असला तरी पिल्लू दिवसाचा मोठा भाग जमिनीखाली दमट बिळात असतं. आपण त्याला हिवाळ्यातल्या नाशिकच्या कोरड्या हवेत, बल्बखाली, टाइल्सवर ठेवतो. एकदा उठलेली टेकडी परत बसत नाही. पुढची वाढ तेवढी सपाट करता येते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षं रोज सकाळी वीस मिनिटांचं ते कोमट पाणी चुकवायचं नाही. मोठं झाल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा पुरतं. ओल आणि गारठा दोन्ही एकत्र आले मात्र न्यूमोनिया ठरलेला, तेव्हा दमटपणा नेहमी उबेबरोबरच.

ऊन. आपल्याकडे हे फुकट आहे, आणि परदेशातले लोक यासाठी दर वर्षी ट्यूब विकत घेतात. कवचात कॅल्शियम बसायला ड जीवनसत्त्व लागतं आणि ते कातडीत तयार होतं उन्हातल्या अतिनील ब किरणांनी. हे किरण काचेतून आत येत नाहीत. बंद खिडकीतलं कोवळं ऊन कितीही छान वाटलं तरी हाडांसाठी उपयोग शून्य. गच्चीत, अंगणात, जाळीच्या आत, सकाळी साडेआठ-नऊनंतर अर्धा तास द्या. डिसेंबर-जानेवारीत अकरापर्यंतही चालेल, एप्रिल-मे महिन्यात लवकर आटपा. अर्धी जागा सावलीत हवीच. काचेच्या टाकीसकट उन्हात ठेवायचं नाही, दहा मिनिटांत आत भट्टी होते. आणि तुम्ही तिथेच थांबायचं. कावळा, घार, मांजर, शेजारचं कुत्रं यांच्यासाठी सात सेंमीचं कासव म्हणजे घास आहे. घरात उंदीर असतील तर रात्री टबावर जाळी घाला, उंदीर कासवाचे पाय कुरतडतात.

फ्लॅटला गच्ची-बाल्कनी नसेल, किंवा पावसाळ्यात ऊनच दिसत नसेल, तर सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची टी-५ अतिनील ट्यूब लावावी लागते, दिवसाला दहा-बारा तास. ती वर्षाने बदला. उजेड तसाच दिसत राहतो, पण किरण संपलेले असतात. मच्छर मारायच्या निळ्या दिव्याला 'यूव्ही' म्हणून विकणारेही भेटतील. तो नको.

आता पाला. इथे जरा निवांत सांगतो, कारण नाशिककरांइतकी चांगली सोय फार कमी लोकांकडे आहे.

सल्काटा हे गवत चरणारं जनावर आहे. पोट मोठं, आतडं लांब, प्रथिनं कमी आणि तंतू भरपूर अशा खाण्यासाठी बनलेलं. आणि त्याचं सर्वांत आवडतं, सर्वांत योग्य गवत तुमच्या घरी गणपतीला येतं: दूर्वा, म्हणजेच हरळी. अमेरिकेतले सल्काटा पाळणारे 'बर्म्युडा ग्रास' म्हणून ज्याच्या पेंढ्या विकत घेतात ते हेच. पिल्लाचं तोंड लहान, म्हणून कोवळे शेंडे कात्रीने बोटाच्या पेराएवढे कापून द्या. मंडईतल्या जुड्या नाल्याकाठून कापलेल्या असतात, त्या भरवशाच्या नाहीत. एका जुन्या ट्रेमध्ये हरळीची मुळं लावून टाका. शेतकरी ज्या तणाला शिव्या देतो ते तण तुमच्या बाल्कनीत महिनाभरात माजेल. ओळखीच्या गोठ्यावर मारवेल गवत मिळालं तर तेही उत्तम. कोवळी ज्वारी मात्र नको. गुरांना ती कशी बाधते हे गोठेवाला तुम्हाला सांगेल.

रोजच्या खाण्यात निम्म्याहून जास्त गवत. पिल्लं सुरुवातीला गवताकडे ढुंकून बघत नाहीत, त्यांना रुंद पानं हवी असतात. तेव्हा बाकीच्या पाल्यात गवत बारीक चिरून मिसळायचं आणि प्रमाण हळूहळू वाढवायचं. बाकीचा पाला म्हणजे जास्वंदाची पानं आणि फुलं (लाल फूल बघून आजारातून उठलेलं पिल्लूही पहिला घास घेतं, असा माझा नेहमीचा अनुभव आहे), तुतीची पानं, बांधावरची पाथरी, केना, आणि फड्या निवडुंगाचं कोवळं पान, काटे आणि कुसळं पूर्ण काढून, पट्ट्या चिरून. फड्या निवडुंगात पाणी आणि कॅल्शियम दोन्ही असतं. मेंढपाळ दुष्काळात त्यावर जनावरं जगवतात ते उगीच नाही. शेवग्याचा पाला कॅल्शियमचा राजा असला तरी त्यात प्रथिनंही भरपूर, म्हणून चिमूटभर, आठवड्यातून एकदा-दोनदा.

द्राक्षाच्या पानांबद्दल तुम्हाला वेगळं सांगायला हवं. जगभर कासवांना द्राक्षाची पानं आवडीने खाऊ घालतात आणि ती चांगलीही असतात. पण आपल्याकडच्या बागेतली नव्हे. छाटणीपासून काढणीपर्यंत त्या पानांवर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणापासून काय काय पडत असतं हे नाशिकच्या माणसाला ठाऊक आहे. दारातल्या मांडवावर एखादा वेल बिनफवारणीचा असेल तरच. हाच नियम मंडईतल्या पालेभाजीला: मिठाच्या पाण्यात बुडवून काही होत नाही, वाहत्या पाण्याखाली दोन-तीनदा चोळून धुवा, आणि शक्य तेवढं स्वतः लावा.

पालक, चाकवत, माठ, तांदुळजा, घोळ या भाज्यांत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि हाडापर्यंत पोहोचू देत नाही. तुमच्या पिल्लाला तर सध्या नकोच, पुढे कधीतरी चार पानं चालतील. कोबी-फ्लॉवरही क्वचितच. मेथी, लसूणघास या कडधान्याच्या कुळातल्या, प्रथिनं जास्त, तेव्हा थोड्याच. कोथिंबिरीला हरकत नाही. काकडी आणि लेट्यूस म्हणजे पाणी. उन्हाळ्यात दोन चकत्या ठीक, पण त्यावर हाडं बनत नाहीत. टोमॅटो, केळं, आंबा, द्राक्षं, गाजर ही गोड चव लागली की पिल्लू गवत सोडतं. शिवाय साखरेने आतड्यातले सूक्ष्मजीव बिघडतात, पातळ हगवण लागते आणि जंत फोफावतात. फळ मुळीच नाही म्हणालात तरी त्याचं काही बिघडत नाही. पोळी, भात, बिस्कीट, दूध, पनीर, अंडं, कुत्र्याचं खाणं: नाही. आजी प्रेमाने पोळीचा तुकडा टाकतात, त्यांना एकदा शांतपणे समजावून सांगा.

त्या डब्यातल्या गोळ्या बहुधा पाण्यातल्या कासवांच्या आहेत, पाण्यावर तरंगणाऱ्या, माशांच्या भुकटीच्या. डब्यावर प्रथिनांचा आकडा बघा, तीस-चाळीस टक्के असेल. एवढी प्रथिनं सल्काटाच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत, युरिक ॲसिड वाढतं आणि सांध्यांत गाऊट होतो. डबा देऊन टाका.

कॅल्शियमसाठी महागडी डबी घ्यायलाच हवी असं नाही. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस मिळतो, म्हणजे समुद्रातल्या माखलीच्या पाठीतला पांढरा हलका भाग, जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेट. धुऊन, वाळवून, सुरीने किसून त्याची चिमूट पाल्यावर भुरभुरा, वाढत्या पिल्लाला आठवड्यातून चार-पाच दिवस. एक तुकडा टबातही ठेवा, वाटलं तर स्वतः कुरतडतं आणि चोचही झिजते. उन्हात रोज नेत असाल तर ड जीवनसत्त्वाची वेगळी पावडर लागत नाही, आणि तोंडावाटे ती जास्त झाली तर त्रासच.

किती घालायचं हे लोक ग्रॅममध्ये विचारतात. पाल्याला माप नाही. सकाळच्या आंघोळीनंतर, अंग तापल्यावर, त्याच्या कवचाएवढा ढीग एका सपाट फरशीच्या तुकड्यावर ठेवा. फरशीमुळे माती पोटात जात नाही आणि नखं घासली जातात. दुपारपर्यंत उरलं तर उद्या थोडं कमी, चाटूनपुसून गेलं तर थोडं जास्त. पाण्याची उथळ बशी कायम आत, रोज धुतलेली. स्वतःची शी खाताना दिसलं तर किळस करू नका, चरणाऱ्या प्राण्यांत ते चालतं.

बागेत फिरायला सोडाल तेव्हा कण्हेर, रुई, धोतरा, घाणेरी, एरंड, अळू, डिफेनबाखिया, मनीप्लांट यांपासून लांब. कासव चव घेऊन थुंकत बसत नाही. हिरवं दिसलं की चावतं.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असतो ना, तो यासाठी वापरा (खाली वेगळा डबा ठेवून). दर रविवारी, आंघोळीच्या आधी, वजन वहीत लिहा. हे काम मुलाला द्या. वजन सावकाश पण सतत वर जायला हवं. सलग दोन-तीन आठवडे एकाच आकड्यावर अडलं किंवा खाली आलं, तर पिल्लू वरून ठणठणीत दिसत असलं तरी काहीतरी बिघडलंय. कासव दुखणं लपवतं, काटा लपवत नाही.

मुलासाठी नियम एकच आणि कडक: हात लावला की साबणाने हात धुवायचे. धडधाकट कासवाच्या आतड्यातही साल्मोनेला असू शकतो. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर त्याने हाताळू नये हेच बरं. कासवाचा टब आणि घमेलं स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायचं नाही. ओठांना लावून फोटो नको. आणि कवचाला तेल, रंग, हळद-कुंकू काहीही लावू नका. देवळाच्या दारातलं दगडी कासव वेगळं, या कासवाच्या कवचाला स्पर्श कळतो, वेदना कळते, आणि तेलाने त्यावर धूळ आणि बुरशी बसते.

शेवटी कायद्याचं, कारण तुम्ही विचारलं नसलंत तरी हे टाळता येणार नाही. पिल्लू खरोखर सल्काटा आहे याची खात्री करून घ्या. पाठीवर काळ्या रंगावर पिवळ्या रेषा मध्यापासून किरणांसारख्या फाकलेल्या असतील, तर ते आपलं चांदणी कासव, स्टार टॉर्टॉइज. ते घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, तुरुंगाची शिक्षा आहे, आणि 'विकत घेतलंय' हा बचाव नाही. अशा वेळी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून त्यांच्याकडे सोपवा. शेतात-रानात सोडून देऊ नका. हिरवट रंग, पडद्याचे पाय आणि डोळ्यामागे लाल पट्टा असेल, तर ते पाण्यातलं रेड इअर्ड स्लायडर. त्याचं सगळं खाणं-राहणं वेगळं, वर लिहिलेलं त्याला लागू नाही, आणि त्याला गोदावरीत किंवा विहिरीत सोडणं म्हणजे तिथल्या आपल्या कासवांच्या मुळावर येणं.

तुम्ही लिहिलेल्या मांड्यांवरच्या काट्यांवरून आणि रंगावरून मात्र ते सल्काटाच वाटतं. सल्काटा ही परदेशी जात असली तरी ती साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती परिवेश २.० या सरकारी पोर्टलवर होते. मालकी कशी आली याचे कागद त्यात मागतात.

आणि घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून हेही बोलून घ्या, की हे पिल्लू मुठीएवढं राहणार नाही. गॅलापागोस आणि अल्दाब्रा सोडली तर जमिनीवरच्या कासवांत यापेक्षा मोठं कुणी नाही. पंधरा-वीस वर्षांत चाळीस किलो सहज, नर त्याहून जास्त. अंगण असेल तर त्यात माणूस कमरेएवढा उतरेल असं बीळ पाडतं, कुंपणाची जाळी खांद्याने वाकवतं, आणि नीट जगलं तर तुमच्या मुलाच्या म्हातारपणीही असेल. फ्लॅटमध्ये हे जमणार नसेल तर ते आजच ठरवलेलं बरं. जागा असलेला, नोंदणी केलेला पाळणारा शोधायला वेळ लागतो आणि लहान पिल्लाला घर मिळणं मोठ्या कासवापेक्षा सोपं जातं. ठेवायचं ठरलं तर मामांना फोन करून दुकानाची पावती आणि विक्रेत्याचे कागद मागून घ्या. दुकानदार 'पावती कशाला' म्हणाला तर ते आत्ताच कळलेलं चांगलं.